यार्डातलं गवत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंद पडलेल्या मिल, बंद कारखाने, रेल्वेच्या पडून असलेल्या जमिनी यांचं काय करायचं यावर आपल्या पेपरात अधूनमधून काही ना काही छापून येतं. कुणी म्हणतं घरं बांधा, कुणी म्हणतं मॉल काढा, कुणी म्हणतं उद्यान करा आणि मग त्या उद्यानात कारंजं, ओपन जिम, सेल्फी पॉइंट आणि पेव्हर ब्लॉक हे ठरलेलंच. या सगळ्यात आणखी एक पर्याय आहे तो कुणी मांडताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, जागेप्रमाणे कापा, फक्त शेवटी वेड्या बाभळीचं जे लिहिलंय ते कापू नका कारण खरी अडचण तिथंच आहे.

मी भुसावळचा. रेल्वेत ट्रॅफिकला लागलो, यार्डातच केस पांढरे झाले आणि यार्डातूनच रिटायर झालो. मुलगा नोकरीनिमित्त बर्लिनला असतो, त्यामुळे मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. म्युझियम, राजवाडे, ती पडलेली भिंत हे सगळं झालं, मग एका रविवारी मुलगा म्हणाला, बाबा आज तुम्हाला तुमच्या लाईनीतलं दाखवतो, आणि तिकडच्या लोकलनं, तिला एस-बान म्हणतात, प्रीस्टरवेग नावाच्या स्टेशनावर घेऊन गेला. स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच गेट, माणूस कुणी नाही, एक मशीन, त्यात एक युरो टाकायचा आणि आत जायचं. नाव आहे नातूर-पार्क श्योनेबेर्गर झ्यूडगेलेंडे. आमच्या हिनं आत पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, अहो ही तर नुसती झुडपं आहेत, याला पैसे घेतात?

तर ही जागा म्हणजे टेंपेलहोफचं जुनं मार्शलिंग यार्ड. १८८० च्या दशकात बांधलेलं. बर्लिनहून दक्षिणेकडे हाले, लाइपझिग, ड्रेस्डेनच्या बाजूला जाणाऱ्या लाईनींचा माल इथं यायचा आणि इथून सुटायचा. ज्यांना यार्ड म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, पूर्वी एका मालगाडीत दहा गावांचे डबे असायचे, ती गाडी यार्डात तोडायची, डबे शंटिंग करून ज्याच्या त्याच्या लाईनीत टाकायचे आणि एका दिशेचे सगळे डबे जमले की नवी गाडी बनवून सोडायची. रात्रंदिवस हेच काम. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रेल्वेनं अख्खा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची पूर्ण गाडी, एकाच ठिकाणी पाठवायचं धोरण घेतलं, कोळशाचा रेक कोळशाचाच, सिमेंटचा सिमेंटचाच, त्यामुळे डबे तोडाजोड करायचं काम आटलं आणि देशभर कितीतरी यार्डांच्या लाईनी रिकाम्या पडल्या. बर्लिनमध्ये कारण वेगळं होतं. महायुद्ध झालं, शहराचे तुकडे झाले, आणि गंमत म्हणजे जमीन पश्चिम बर्लिनमध्ये पण तिथली रेल्वे चालवणार पूर्व जर्मनीवाले, मग गाड्या वळवल्या गेल्या आणि १९५२ साली यार्डातली वाहतूक बंद झाली. ज्या अनहाल्टर स्टेशनाची ही लाईन, ते एवढं मोठं टर्मिनस, तेही त्याच वर्षी बंद पडलं, आज त्याच्या दर्शनी भिंतीचा एक तुकडा रस्त्याच्या कडेला उभा आहे तेवढाच.

मग झालं काय, तर काहीच नाही. म्हणजे तेच महत्त्वाचं. इंजिन दुरुस्तीचं शेड आणि वर्कशॉपचं थोडं काम पुढेही चालू राहिलं पण बाकी यार्डाकडे कुणी फिरकलंच नाही, भांडण दोन सरकारांचं त्यामुळे पश्चिमवाल्यांना हात लावता येईना आणि पूर्ववाल्यांना गरज नव्हती. खडीत आधी गवत उगवलं, मग रानफुलं, मग झुडपं, मग बर्चची झाडं आली. बर्च म्हणजे त्यांच्याकडचं पांढऱ्या सालीचं झाड, खोडाला चुना मारल्यासारखं दिसतं. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत झाडीखालची जागा जवळजवळ दुप्पट झाली म्हणे. एकही रोप कुणी लावलेलं नाही, एकही टँकर पाण्याचा आलेला नाही.

आता माझ्यासारख्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल याचा विचार करा. यार्डातलं गवत हा आमचा जन्माचा दुश्मन. गवत वाढलं की खडीत पाणी धरून राहतं, लाईन खचते, रात्री कंदील घेऊन चालणाऱ्या शंटिंगच्या पोराचा पाय घसरतो, उन्हाळ्यात ठिणगी पडली की आग, पावसाळ्यात साप, त्यामुळे गँगवाल्यांच्या मागे लागायचं, फवारणी करायला लावायची, इन्स्पेक्शन असलं की आधी गवताकडे बघायचं. आणि इथं मी सातासमुद्रापार येऊन तिकीट काढून रुळातलं गवत बघतोय! रूळ काढलेले नाहीत हे महत्त्वाचं. रूळ आहेत, लाकडी स्लीपर कुजत पडलेत, बोल्ट, फिशप्लेट जागच्या जागी, आणि दोन रुळांच्या बरोब्बर मध्ये हातभर घेराचं बर्च उभं. चालायच्या वाटासुद्धा जुन्या लाईनींवरूनच नेल्यात. पॉइंट, म्हणजे एका लाईनीतून दुसरी निघते ती जागा, आला की वाट फुटते, मला सवयीनं बघावंसं वाटलं की पॉइंट सेट कुठल्या लाईनीला आहे.

काही भाग असा आहे की जिथं जमिनीवर पाय ठेवायला मनाई आहे. तिथं लोखंडी जाळीचा पूल जमिनीपासून थोडा वर उचलून नेलाय, सुमारे ६०० मीटर लांब, त्यावरूनच चालायचं, खाली गवत, फुलं, किडे त्यांचं त्यांचं चालू. जाळीतून ऊन आणि पाऊस खाली जातो म्हणून पुलाखालीपण गवत उगवलंय. मला ही कल्पना फार म्हणजे फार आवडली कारण यात बांधकाम कमी, पाया खणायची गरज नाही, उद्या नको झालं तर उचलून भंगारात. ज्या कलाकारांच्या ग्रुपनं हा पूल केला त्यांनी लोखंडाची मोठी मोठी शिल्पंपण जागोजागी ठेवलीत, ती मात्र मला काही झेपली नाहीत, मुलगा म्हणाला मॉडर्न आहे, असेल.

पुढे गेलं की पाण्याचा टॉवर दिसतो, १९२७ सालचा, ५० मीटर उंच, इंजिनांना पाणी भरायला. इंजिन फिरवायचं टर्नटेबल आहे. जुनं लोको शेड आहे, मोठं. एका वाटेच्या दोन्ही बाजूच्या भिंतींवर पोरांना ग्राफिटी काढायची अधिकृत परवानगी आहे, आम्ही गेलो तेव्हा तीन-चार जण मास्क लावून स्प्रे मारत होते आणि शेजारून आजीबाई काठी टेकत चाललेल्या, कुणाचं कुणाला काही नाही. आणि एका लाईनीवर इंजिन उभं आहे, क्लास ५० चं, वाफेचं, काळं. चाकं मोजली, पुढे दोन, चालवायची दहा, मागे काही नाही, म्हणजे टू-टेन-झीरो. आपलं मालगाडीचं जुनं वाफेचं इंजिन डब्ल्यूजी टू-एट-टू, त्याच्यापेक्षा चालवायच्या चाकांची एक जोडी जास्त. ही इंजिनं हलक्या लाईनींवरही चालावीत म्हणून एका एक्सलवर १५ टनच वजन येईल अशी केली होती, आणि १९३९ पासून अशी तीन हजारांवर बनवली. चौथरा नाही, ग्रील नाही, ऑइल पेंट फासलेला नाही, मागे पुढे झाडं वाढलेली, ते आपलं रुळावर उभं आहे. आपल्याकडे एका स्टेशनासमोर (नाव घेत नाही) असंच एक इंजिन चौथऱ्यावर चढवून त्याला इतके रंग दिलेत की जत्रेतलं खेळणं वाटावं, आणि भोवती कारंजं, ते बंद.

आता थोडं त्या गवताचं शास्त्र, कारण मुलाची एक ओळखीची बाई बरोबर होती, ती याच विषयातली, तिनं समजावून सांगितलं आणि गेटजवळच्या बोर्डांवरही बरंच लिहिलंय. आपण काय करतो, बाग करायची म्हटलं की पहिल्यांदा काळ्या मातीचे डंपर मागवतो. इथं माती चांगली नाही हाच फायदा. खडी, राख, कोळशाचा चुरा, पाणी लगेच निचरून जाणारं, ऊन लागलं की तापणारं. अशा जागेत खादाड गवत आणि दांडगी झाडं लवकर सगळं व्यापू शकत नाहीत, त्यांना खायला पुरत नाही, म्हणून हळू वाढणाऱ्या, बारीकसारीक, ज्यांना एरवी कुठे जागा मिळत नाही अशा शेकडो जाती इथं सुखानं राहतात. साडेतीनशेच्या वर जातींच्या वनस्पती आणि नव्वदच्या वर जातींच्या जंगली मधमाश्या मोजल्यात, सगळ्या मिळून १८ हेक्टरमध्ये, म्हणजे आपले पंचेचाळीसेक एकर. मधमाश्यांना उघडी तापलेली रेताड जमीन लागते, त्यात त्या बिळं करतात. खडीच्या रंगाचा एक नाकतोडा आहे, बसला की दिसतच नाही, उडाला की पंख निळेशार. मॅन्टिस म्हणतात तो प्रार्थना कीटकसुद्धा इथं सापडतो, तो मूळ गरम प्रदेशातला, पण तापलेल्या यार्डात त्याला बरं वाटत असणार. नाईटिंगेल पक्षी ओरडत होता, दिसला नाही. आणि हे सगळं चालू असताना दोन्ही बाजूंनी चालू लाईनी आहेत, लोकल धडाधड जातायत, मोठ्या पल्ल्याच्या गाड्या जातायत, पक्ष्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

बिया आल्या कुठून, तर त्यासुद्धा मालगाडीनंच. धान्याच्या डब्यातून, जनावरांच्या चाऱ्यातून, पॅकिंगच्या गवतातून, दूरदूरच्या देशांतून. हे ऐकल्यावर मला आपलं गाजर गवत आठवलं. ते परदेशी गव्हाबरोबर आलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलं, आणि मग रेल्वे लाईन आणि रस्ते धरून सगळ्या महाराष्ट्रात पसरलं. बिया वाहून न्यायचं काम मालगाडी सगळीकडे सारखंच करते, कुठली बी चांगली आणि कुठली वाईट ते तिला कळत नाही.

कुणाला वाटेल जर्मन लोक शहाणे, त्यांनी ठरवून जंगल ठेवलं. तसं अजिबात नाही. सरकारला इथं पुन्हा मोठं माल स्टेशन बांधायचं होतं, त्यासाठी जंगल साफ करायचं ठरलं होतं, आणि १९८० च्या सुमारास आजूबाजूच्या लोकांनी त्याविरुद्ध संघटना काढली. काही वर्षं हे भांडण चाललं. अभ्यासकांनी आत जाऊन काय काय उगवलंय त्याच्या याद्या केल्या आणि याद्या हातात असल्यामुळे लोकांच्या बोलण्याला वजन आलं. मग १९८९ ला भिंत पडली, देश एक झाला, रेल्वेला शहरात भरपूर नवीन लाईनी टाकायच्या होत्या, आणि त्यांच्या कायद्यात असं आहे की एका ठिकाणी निसर्गाचं नुकसान केलंत तर दुसऱ्या ठिकाणी भरपाई करून द्या. त्या भरपाईत हे यार्ड शहराच्या पदरात पडलं. एका मोठ्या विमा कंपनीच्या पर्यावरण फाउंडेशननं पैसे दिले, १९९९ साली कायदेशीर संरक्षण मिळालं आणि २००० साली गेट उघडलं. म्हणजे आधी दोन सरकारांची अडवणूक, मग लोकांचा हट्ट, मग कायद्याची पाचर. शहाणपण म्हणाल तर लोकांच्या हट्टात होतं.

याच्या जवळच टेंपेलहोफचा बंद पडलेला विमानतळ आहे, तोही बघितला. २००८ ला विमानं थांबली, सरकारला कडेनं घरं बांधायची होती, २०१४ ला लोकांनी मतदान करून नाही म्हणून सांगितलं. आज धावपट्टीवर पोरं सायकली चालवतात, लोक पतंग उडवतात, आणि गवताचे मोठे पट्टे चंडोलाच्या विणीच्या काळात दोऱ्या लावून बंद ठेवतात. ते मैदान छान आहे पण ऊन फार, सावली नाही, मला यार्डच बरं वाटलं.

आता आपल्याकडे या. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी नव्या पिढीसाठी सांगतो. १९९१ च्या नियमात असं होतं की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ ला नियम बदलला आणि हा हिशोब फक्त आधीच मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला, बांधकाम असलेली जागा त्यातून सुटली, २००६ ला सुप्रीम कोर्टात ते कायम झालं. शेकडो एकरांतून शहराच्या हाती मोकळी जागा किती आली ते लोअर परळच्या पुलावर उभं राहून स्वतःच बघा. तिथं आता जंगल करा असं म्हणण्यात अर्थ नाही, ती गाडी सुटली.

पण मुंबईतच धारावीच्या कडेला मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, आपल्यातल्या कितीजणांनी बघितलंय? ३७ एकर. १९७० च्या दशकापर्यंत तिथं शहराचा कचरा टाकत होते. १९८३ ला सलीम अलींच्या हस्ते झाड लावून सुरुवात झाली आणि १९९४ ला ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथं झाडी दाट आहे, फुलपाखरं आहेत, तळं आहे, खाडीच्या बाजूला कांदळवन आहे. मी भाचीकडे सायनला गेलो की तिथं एक चक्कर मारतोच. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. फरक एवढाच की तिथं झाडं लावावी लागली कारण खाली कचरा होता, आणि यार्डात तेवढंही करायची गरज नसते.

आता माझ्या घराजवळचं. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमच्या भागात तिला पीजे म्हणतात, छप्पन किलोमीटर, शेंदुर्णी, पहूर करत जायची, लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. तिचं ब्रॉडगेज होणार आहे, व्हायलाच पाहिजे, लोकांना गाडी हवी आहे आणि मी रेल्वेचा माणूस आहे, गाडी नको असं मी कधी म्हणणार नाही. तिकडे विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, तीपण उभीच. खाली कुर्डुवाडीला बार्शी लाईट रेल्वेचं एवढं मोठं नॅरोगेजचं जाळं होतं, १८९७ पासूनचं, ते ब्रॉडगेज झालं. या प्रत्येक ठिकाणी रूळ मोठे झाले किंवा होतील, पण जुनं यार्ड, जुनं लोको शेड, राखेचे खड्डे, पाण्याच्या टाकीच्या आजूबाजूची जागा, वळणावरचा एखादा त्रिकोण, हे तुकडे नव्या लाईनीला बऱ्याचदा लागतच नाहीत. ते पडून राहतात, मग अतिक्रमण होतं, नाहीतर कचरा टाकतात, नाहीतर कुणीतरी येऊन कंपाउंड घालून शोभेची बाग करतं. मला म्हणायचंय की या तुकड्यांपैकी काही, सगळे नाही, काही, जसे आहेत तसे ठेवा. रूळ उचलू नका. जेसीबी लावण्याआधी जवळच्या कॉलेजच्या बॉटनी आणि झूलॉजीच्या पोरांना एक अख्खं वर्ष, पावसाळा हिवाळा उन्हाळा, तिथं जाऊन यादी करू द्या. कॉलेजला प्रोजेक्ट पाहिजेच असतात, भलत्याच गोष्टींचे प्रोजेक्ट करतात त्यापेक्षा हे बरं. यादीत काहीच निघालं नाही तर खुशाल गोडाऊन बांधा. बर्लिनच्या लोकांकडे याद्या नसत्या तर त्यांचंही कुणी ऐकलं नसतं.

आता वेड्या बाभळीचं. मला माहीत आहे वाचणारे म्हणतील, काका, जर्मनीत बर्च येतं, आपल्या यार्डात काय येणार, वेडी बाभूळ, घाणेरी, गाजर गवत आणि सुबाभूळ. बरोबर आहे, तेच येणार, आलेलंच आहे. पण बर्लिनलाही तीच भानगड आहे. तिथं रॉबिनिया नावाचं झाड आहे, मूळ अमेरिकेचं, शेंगा येणारं, सुबाभळीच्याच कुळातलं, मुळांच्या गाठींत नायट्रोजन धरून जमीन सुपीक करणारं. आपण म्हणू सुपीक झाली तर चांगलंच की, पण इथं उलटा हिशोब, जमीन सुपीक झाली की त्या बारीक रानफुलांची सद्दी संपते, दांडगी झाडं सगळं व्यापतात, वर सावली पडते, मधमाश्यांची बिळं जातात. म्हणून ते लोक काय करतात, तर काही भाग पूर्ण सोडून दिलाय, तिथं जे होईल ते होऊ दे, रॉबिनिया आला तर येऊ दे, आणि काही भाग ठरवून उघडा ठेवलाय, तिथं दरवर्षी रोपटी काढतात, गवत कापतात, मेंढ्या सोडतात. इंगो कोवारिक म्हणून तिथले प्राध्यापक, या पार्कच्या आराखड्यात त्यांचा मोठा हात, त्यांचं म्हणणं असं की मूळ जंगल हा पहिला निसर्ग, शेत-कुरण दुसरा, बागबगीचा तिसरा, आणि शहरातल्या, कारखान्यातल्या मोडलेल्या जमिनीवर आपोआप उगवतो तो चौथा, आणि या चौथ्याला देशी-परदेशी असा जन्मदाखला मागत बसू नये. मला यातलं अर्धं पटतं. रॉबिनियानं बर्लिनच्या यार्डात जेवढं व्यापलं त्याच्या दसपट वेडी बाभूळ आपल्याकडे दोन पावसाळ्यांत व्यापते, तिच्याखाली बाकी काही धड वाढत नाही, तिला मोकळं सोडलं तर तिचंच रान होईल. त्यामुळे आपल्याकडे सोडून देणं म्हणजे दुर्लक्ष करणं असं चालणार नाही, वेडी बाभूळ आणि घाणेरी मुळासकट काढायला माणूस लागणार आणि गावातल्या शेळ्या-मेंढ्या ठरवून दिलेल्या महिन्यांत चारायला सोडता येतील, धनगरांना विचारा, ते सांगतील कुठं किती चरायचं. गुडगावला दगडाच्या जुन्या खाणींवर अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क केलंय, तिथं विलायती बाभळीच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्याच, जागी धव, सालई अशी डोंगरातली मूळ झाडं आणली, २०२२ साली संवर्धनाच्या नव्या राष्ट्रीय यादीत सगळ्यात आधी त्याच जागेची नोंद झाली. आपल्याकडे कुठं बर्लिन करायचं आणि कुठं गुडगाव हे जागा बघून ठरवावं लागेल.

आणखी एक, केमिकलच्या कारखान्याची जागा असेल तर हे सगळं विसरा. आधी माती आणि पाणी तपासा. यार्डातसुद्धा डिझेल, ग्रीस, स्लीपर कुजू नयेत म्हणून लावायचं क्रिओसोट, आमच्या फवारण्या हे सगळं जमिनीत मुरलेलं असतं. म्हणून तर वर उचललेला लोखंडी पूल मला आवडला, पोरं मातीत लोळत नाहीत आणि माणसांच्या पायांनी किडे-फुलंही मरत नाहीत.

खर्चाचं विचाराल तर शोभेच्या बागेपेक्षा कमीच लागेल असं मला वाटतं, कारंजं नाही, लॉन नाही, रोज पाणी नाही, लाईटिंग तर नकोच, रात्री बंदच ठेवायचं. लागेल तो एक चौकीदार, दोन बाभूळ काढणारी माणसं, एक लोखंडी वाट आणि चार बोर्ड मराठीत, ज्यावर इथं पूर्वी काय काम चालायचं ते लिहिलेलं असेल. तिकीट दहा रुपये ठेवा. फुकट ठेवलं की पार्टी करायला येतात.

जामनेर, मूर्तिजापूर किंवा कुर्डुवाडीकडच्या कुणा संस्थेला, नगरपालिकेला नाहीतर कॉलेजला हे मनावर घ्यायचं असेल तर यार्डाचे जुने नकाशे वाचून कुठं शेड होतं, कुठं राखेचा खड्डा, कुठं पाणी भरायचं, कुठल्या लाईनीवर कुठला माल लागायचा हे जागेवर येऊन सांगायला आम्ही इथले पाच-सहा रिटायर लोक तयार आहोत. भाडं आमचं आम्ही काढू, पास आहेच. चहा मात्र त्यांनी पाजावा.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त यार्ड मास्तर,
भुसावळ